पेरू शेकणारे इवाई

संत्रं शेकून खाणारा माणूस आमच्या इवाईंच्या आधी मी पाहिला नव्हता. दिवाळी सरून हवेत गारवा आला की त्यांच्या तोंडात थंड फळ जात नसे. पेरू निखाऱ्यावर, केळं तव्यावर, शिंगाडे पातेल्यात उकडून आणि संत्रं सालासकट गरम राखेत. "थंड फळ पोटात गेलं का पोटाले आधी ते गरम कराव लागते. ते काम शेगडीले सांगा न जी, पोटाले कायले?" असं ते अगदी गंभीरपणे विचारत, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत त्याच्या हातात काहीतरी वाफाळतं ठेवलेलं असे.

आमच्या वर्धेकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. हे इवाई म्हणजे माझ्या लेकीचे, प्राचीचे सासरे. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. तिथे त्यांची संत्र्याची बाग होती आणि गावात किराणा दुकान. उंच, किडकिडीत बांधा, आणि थंडीत कानांवरून मफलर इतका घट्ट गुंडाळलेला की अर्धं बोलणं त्यांना ऐकूच येत नसे. ते नुसते हसून मान डोलवत. त्यामुळे इवाई सगळ्या गोष्टींना हो म्हणतात, असा आमच्या नातेवाइकांचा समज झाला होता.

प्राची आणि निखिल पुण्याला एकाच ऑफिसात होते. त्यांनी आपसात ठरवलं आणि मग आम्हा दोन्ही घरांना कळवलं. रीत म्हणून निखिलचे आईवडील सावंगीच्या रस्त्याला असलेल्या आमच्या घरी आले. जानेवारीची सकाळ होती. मी सफरचंद, चिकू, द्राक्षं असं छान कापून, मांडून बशा पुढे ठेवल्या. सगळ्यांनी घेतलं, इवाईंनी बशीला हात लावला नाही. माझ्या जाऊबाई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "काहीतरी बिनसलं गं. मानपानाचं काही राहिलं का?" तेवढ्यात इवाई स्वतःच बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "ईनबाई, राग नका मानू. रिकामा तवा आहे का एखांदा?"

लोखंडी तव्यावर त्यांनी सफरचंदाच्या फोडी दोन्ही बाजूंनी शेकल्या, माझ्या मसाल्याच्या डब्यातून दालचिनी मागून तिची पूड वरून भुरभुरली आणि पहिली बशी यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. मुलाचे वडील मुलीच्या घरी गॅसपाशी उभे! जाऊबाईंचा पदर तोंडावरून हलेना. बाहेरून निखिलच्या आई खळखळून हसल्या. "यायची ही सवय मले लग्नाआधी कोणी सांगतली नवती. म्हणून म्हतलं, तुमाले आधीच दाखवून द्या. मंग म्हणसान फसवलं." त्या हसण्याच्या शेवटी त्यांना खोकला आला, आणि इवाईंनी न बघताच कोमट पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. सोयरीक त्या तव्यावरच पक्की झाली, असं आम्ही पुढे नेहमी म्हणायचो.

प्राचीच्या लग्नानंतर काही वर्षांनी निखिलच्या आई गेल्या. छातीचा जुना आजार होता. इवाई एकटे राहिले. निखिल-प्राचीने पुण्याला बोलावलं, ते आठ दिवसांत परत आले. "तिथं आंगण नाई. गॅलरीत शेगडी पेटवली तर खालचा माणूस वर आला भांडाले," एवढंच त्यांनी आम्हाला फोनवर सांगितलं.

मग आमच्या घराची पाळी आली. एका पहाटे यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना जवळ म्हणून वेळेत पोचलो, रक्तवाहिनीत जाळी बसवली, आणि हे सुखरूप घरी आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता हळूहळू चालायला लागा. पण घरी आलेला माणूस दवाखान्यात गेलेल्या माणसापेक्षा वेगळाच होता. हे भूमापन खात्यात होते. जन्मभर शेतांच्या बांधांवरून मोजणी करत फिरले, उन्हातान्हात मैल न् मैल चालले. तेच आता दिवाणावर पांघरूण घेऊन पडलेले. हातात मोबाइल, आणि त्यावर हृदयविकाराचे व्हिडिओ. चला म्हटलं की, "आज गार आहे. उद्या बघू." उद्या म्हटलं की, "उद्या त्याहून गार आहे म्हणे." रात्री कूस बदलतानासुद्धा छातीवर हात ठेवत. मी शाळेत शिकवते. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कान पर्समधल्या फोनकडे लागलेले असायचे.

इवाई भेटायला आले ते एका खांद्यावर संत्र्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. संध्याकाळभर अगदी रीतसर बोलले. तब्येत कशी, झोप येते का, लेक काय म्हणते. "उद्या दुपारच्या गाडीनं निंगतो," असंही म्हणाले. यांनी पांघरुणातूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला धुराच्या वासाने जाग आली. कुठे आग लागली की काय म्हणून मी धावत अंगणात गेले. तर पोत्यातून निघालेली लोखंडी शेगडी तुळशीजवळ पेटलेली, आणि मफलर गुंडाळलेले इवाई पुढ्यात बसून पेरू उलटेपालटे करताहेत. पेरूला ते आमच्या भागातल्या जुन्या माणसांसारखं जाम म्हणत. 

"अहो इवाई, हे काय? तुम्ही पाहुणे. कोणी पाहिलं तर काय म्हणेल, इवायाला चुलीपाशी बसवलं!"

"म्हणा त्याले थंडी वाजून राह्यली होती. तुम्ही झोपा ईनबाई. मी त रोजचाच उठेल आहो."

साल काळपट होऊन तडकली, तसा पेरूचा वास घरभर शिरला. भाजलेल्या पेरूचा वास काही वेगळाच असतो, गोड आणि किंचित धुरकट. आतून यांचा आवाज आला, "कसला वास आहे गं?" मी बशी घ्यायला वळले, तर इवाईंनी हातानेच थांबवलं आणि मोठ्याने म्हणाले, "इवाई, जाम झाला! या!"

"इकडेच पाठवा ना."

"नाई जमत. घरात नेला का गार होते."

खोटं होतं ते. आमचं घर काही एवढं मोठं नाही. पण थोड्या वेळाने पांघरुणासकट हे दारात आले, पायरी उतरले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर ऊन पडलं. इवाईंनी पेरूच्या चार फोडी केल्या, वर चिमूटभर मीठ घातलं, आणि दुपारच्या गाडीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. पुढेही निघाला नाही.

त्यांच्या दिवसाला एक ठरलेली चाल होती आणि ती त्यांनी आमच्या घराला हळूच लावली. उठल्यावर कोमट पाणी. ऊन वर आलं की खुर्च्या उन्हात, पाठ सूर्याकडे. सावली सरकली की खुर्च्याही सरकायच्या, त्यामुळे दुपारपर्यंत दोघे इवाई तुळशीपासून फाटकापर्यंत पोचलेले असत. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अंगणात शतपावली. रात्रीचं जेवण दिवेलागणीला. झोपताना तळपायांना तिळाचं तेल. हे तेल ते स्वतःच्या पायांना चोळत आणि बाटली यांच्याकडे सरकवत. "मी तुमचे पाय चोळले तर तुमाले लाज वाटन, अन् ईनबाईनं चोळले तर तुम्ही लाडावसान. आपले आपण चोळा." हृदयविकाराचे व्हिडिओ त्या तेलामुळे बंद झाले. तेलकट बोटांनी मोबाइल चालेना.

तपासणीच्या दिवशी इवाई सोबत आले. डॉक्टर तरुण होते. त्यांचं सांगून झाल्यावर इवाईंनी मफलर सोडला, म्हणजे आता नीट ऐकायचं आहे. "साहेब, यायले जाम चालते का? भाजेल?" चालतो म्हणाले. "केळं? संत्रं? शिंगाडे?" डॉक्टर हसायला लागले. साखर वाढलेली नाही तेव्हा फळं खुशाल खा, तूप बेतानं, मीठ कमी, आणि चालणं मात्र रोज, असं त्यांनी सांगितलं. घरी येताना रिक्षात इवाई विचारात पडले होते. "मीठ कमी म्हणे. मी चिमूटभरच घालतो. पण माही चिमूट मोठी आहे." त्यांनी आपलं शेतकऱ्याचं जाडजूड बोट आणि अंगठा निरखून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून पेरूवर मीठ मी घालायचं, असं ठरलं.

पण चालणं काही जमत नव्हतं. अंगणातल्या फेऱ्या ठीक, फाटकाबाहेर मात्र हे पाय टाकत नसत. मग एके दिवशी इवाई कोपऱ्यावरच्या गाडीवरून पेरू घेऊन आले ते सगळे कच्चे. दुसऱ्या दिवशी सगळे आतून किडके. हे चिडले. "बागाईतदार माणूस तुम्ही, एवढं कळत नाही?"

"मले संत्रं समजते जी. जाम नाई समजत. तुम्हीच चला न पाहाले."

हे तरातरा कोपऱ्यापर्यंत गेले, एकेक पेरू दाबून, हुंगून निवडला आणि परत येताना वाटेत दोनदाच थांबले. मग कोपऱ्यावरच्या गाडीवर शिंगाडे मिळत नाहीत म्हणून पुढच्या चौकापर्यंत. चौकात बोरं चांगली नाहीत म्हणून त्याहून पुढे. सावंगीच्या रस्त्यावर पांढरे कोट घातलेली डॉक्टरकीची पोरंपोरी घोळक्याने जात. त्यांच्यातल्या दोघीतिघी या जोडीला ओळखायला लागल्या, "काका, आज काय आणलं?" म्हणून थांबायला लागल्या. त्यांना इवाईंच्या खिशातून घरी उकडलेले गरम शिंगाडे मिळत. मी शाळेतून येताना एकदा लांबून पाहिलं. दोन म्हातारे, एक मफलरवाला, एक माकडटोपीवाला, रस्त्याच्या कडेला उभे राहून शिंगाडे सोलताहेत आणि समोरची मुलगी तोंड पोळलं म्हणून हवा घेतेय. हे हसत होते. मी तशीच उभी राहिले थोडा वेळ.

असं सगळं चांगलं चाललेलं असताना एका सकाळी फोन आला. "ईनबाई, घाबरू नका. इवायाले दवाखान्यात आणलं." चालता चालता यांच्या छातीत कळ आली होती आणि हे रस्त्यातच मटकन बसले होते. मी पोचेपर्यंत तपासण्या झाल्या होत्या. हृदय ठीक होतं. गार वाऱ्यात भरभर चालल्याने स्नायू आखडला, त्यात भीतीची भर पडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण घरी आल्यावर हे पुन्हा दिवाणावर गेले आणि पांघरूण ओढताना ओरडले, "मारायलाच आलात का मला? जरा पडू द्याल की नाही?"

त्या दिवशी शेगडी पेटली नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर ते ओसरीत बसून आपले कपडे पिशवीत भरत होते. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "त्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. भीतीनं बोलले ते."

"त्यायचं बरोबर आहे, ईनबाई. मीच घाई केली." मग बराच वेळ ते पिशवीचा बंद नुसता गुंडाळत राहिले. "निखिलची माय आजारी होती नं, तवा डॉक्टर तिलेही म्हणे, उन्हात बसवा, थोडं चालवा. ती म्हणे, आज नको, थकली मी. मी म्हणो, बरं, पड. तिले त्रास नको म्हणून मी तिले पडू देलं. थंड तिच्यानं गिळल्या जात नवतं, खोकला येये, म्हणून एकेक फळ गरम करून खाटेवर नेऊन देऊ. सारं खाटेवर. दोन हिवाळे. मले वाटे मी तिची सेवा करून राह्यलो. आता वाटते, थोडा त्रास द्याले पायजे होता. आंगणापर्यंत तरी आणाव लागत होतं तिले. म्हणून तुमच्या घरी थोडा जास्त जोर केला. चुकलं."

चहा तसाच निवत गेला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि दिवाण दारालगतच होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सकाळी पुन्हा धुराने जाग आली. पण हा धूर काही नेहमीचा नव्हता, डोळ्यांतून पाणी काढणारा, दाट, सगळ्या घरात कोंदलेला. मी आणि इवाई दोन दारांनी एकदमच बाहेर आलो. शेगडीपुढे हे उकिडवे बसले होते. माकडटोपी वाकडी झालेली, नाकाला काजळी, हातात माझ्या शाळेच्या वहीचा पुठ्ठा, आणि त्याने वारा घालून घालून खोकताहेत. ओले कोळसे नुसते फुसफुसत होते.

"इवाई," हे मान वर न करता म्हणाले, "ही कशी पेटवता तुम्ही?"

इवाई मफलर सारखा करत शेजारी जाऊन बसले. "आधी बाजूले सरका. ओले कोळसे काऊन घातले? अन् राख नाई काढली खालची. हवा कुठून जाईन?" आणि वीस वर्षांचं भांडण असावं तसे दोघे शेगडीवरून वाद घालायला लागले. भरलेली पिशवी मी उचलली आणि कपडे परत खुंटीवर टांगले. कोणी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर संक्रांतीपर्यंत ते आमच्याकडेच होते. त्या दिवसांत मीसुद्धा पुष्कळ शिकले. केळं पिकून काळं पडायला लागलं की टाकायचं नाही, सालासकट तव्यावर ठेवायचं, साल फुगली की आतून शिरा झाल्यासारखं केळं निघतं, त्यावर वेलची. बोरं किंचित गुळाच्या पाण्यात मऊ करायची आणि बिया काढून आल्यागेल्यांना वाटीतून द्यायची. आवळा वाफवला की आपोआप पाकळ्यापाकळ्यांनी सुटतो. माझ्या डब्यातल्या केळ्याच्या वासाने शाळेतल्या बाई जमायला लागल्या, तेव्हा इवाईंनी माझ्याकडे डब्यात दोन जास्तीची केळी द्यायला सुरुवात केली. संक्रांतीनंतर आम्ही दोघं त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो ते पायी. येताना मी रिक्षा करू म्हटलं, तर म्हणाले, "तू जा रिक्षानं. मला बोरं बघायची आहेत."

पुढचे हिवाळे असे गेले की थोडे दिवस इवाई आमच्याकडे, थोडे दिवस हे रोहण्याला. फोनवर दोघांचं बोलणं फार मोलाचं असायचं. "आज काय शेकलं?" "पपई." "पपई कोणी शेकतं का?" "शेकली म्हणून सांगून राह्यलो नं!" प्राची म्हणायची, आई, माझे बाबा मला फोन करत नाहीत एवढा त्यांना करतात.

मागच्या कार्तिकात इवाई गेले. सकाळी बागेत पाणी सोडायला म्हणून गेले आणि तिथेच झाडाखाली बसल्या बसल्या संपले. आजारपण नाही, कोणाला हाक मारणं नाही. आम्ही दुपारपर्यंत रोहण्याला पोचलो, मुलं रात्री पुण्याहून आली.

निखिल तसा बोलका मुलगा. पण त्याने तोंडच मिटून घेतलं. माणसं येत होती, बसत होती, जात होती. तो भिंतीला टेकून एकाच जागी. जेवण नाही, पाणी दिलं तर दोन घोट. प्राचीने समजावलं, त्याच्या चुलत्याने समजावलं, मी जवळ बसून पाठीवरून हात फिरवला. तो नुसता मान हलवायचा. "मी इथे असायला हवं होतं," एवढंच एकदा म्हणाला. आमचे हे जावयाशी कधी चार वाक्यांपलीकडे बोललेले नाहीत. प्रवास बरा झाला का, सुट्टी किती, गाडी कितीची, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. धुकं अजून उतरायचं होतं. हे उठले, माकडटोपी घातली आणि निखिलसमोर जाऊन उभे राहिले. तो म्हणाला, "बाबा, नको. माझ्यात ताकद नाही." यांनी खाली वाकून त्याच्या चपला त्याच्या पायांपाशी नीट ठेवल्या आणि तिथेच उभे राहिले. सासऱ्याने चपला ठेवल्यावर जावई किती वेळ बसून राहणार? तो उठला. दोघे फाटकातून बागेकडच्या रस्त्याला लागले, हे पुढे आणि तो मागे, आणि धुक्यात दिसेनासे झाले.

बराच वेळ झाला. ऊन वर आलं, अंगणात माणसं जमायला लागली. यांच्या गोळ्यांची वेळ टळून गेली होती. प्राची दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. शेवटी दोघे येताना दिसले. दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत बागेतल्या ओल्या मातीने भरलेले. निखिलचे डोळे सुजून लाल झाले होते आणि त्याने यांचा हात धरला होता, की यांनी त्याचा, ते लांबून कळत नव्हतं. काय बोलले, बोलले की नाही, ते मी यांना अजून विचारलेलं नाही.

निखिल पायरीवर बसला. चिखल झटकायचं भान नव्हतं त्याला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, भूक लागलीय. काही आहे का?"

शेजारच्या घरातून खिचडीचं पातेलं आलं होतं. मी ताट वाढलं, आणि तो पायरीवरच, उन्हात, पोटभर जेवला.